डगला झटकू नये

लहानपणापासून तिला सगळे चिमणीच म्हणत. हाडं मोजून घ्यावीत अशी अंगकाठी आणि तोंडाची टकळी कधी बंद नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "हिला वाऱ्यात बाहेर सोडू नका रे, उडून जाईल." त्यामुळे तिचं अंग भरायला लागलं तेव्हा घरात कुणाला काळजी वाटली नाही. उलट बरंच वाटलं.

आधी गाल वर आले. मग हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आली. शेजारणी म्हणाल्या, "उशिरा का होईना, सासर मानवलं गं तुला." तिची सकाळची जुनी शिंकांची माळ थांबली, चोंदलेलं नाक मोकळं झालं. भूक तर अशी लागे की सगळ्यांची पानं उठल्यावर ती पातेल्यातलं खरवडून खाई. सासूबाई हसत. नवरा म्हणे, "चिमणीचं कबूतर झालं."

नवरा औषधांच्या कारखान्यात होता. गोळ्या बनवायच्या आधी पावडर तोलून द्यायच्या खोलीत त्याचं काम, म्हणून मित्र त्याला मापाडी म्हणत. त्या खोलीला दोन दारं होती, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. आत जाताना पांढरा डगला, टोपी, हातमोज्यांवर हातमोजे, तोंडावर गच्च बसणारा मास्क. पावडर स्टेरॉइडची. दम्यावर, सांधेसुजीवर, अंगावरच्या खाजेवर हमखास गुण देणारी, पण इतकी जालीम की चिमूटभर पावडरीच्या शेकडो गोळ्या होत. पिंपात पिशवी, पिशवीत पिशवी, आतल्या पिशवीचं तोंड करकचून बांधलेलं. तिला उजेड लागू द्यायचा नाही, ओल लागू द्यायची नाही. सांडली तर झाडू लावायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायची. हे सगळं मापाड्याला झोपेत विचारलं तरी आलं असतं.

काम संपलं की डगला तिथल्याच धुलाईखोलीत टाकायचा, हाही नियमच होता. पण धुलाईचं मशीन बंद पडलं. सुपरवायझर म्हणाला, "चार दिवस घरी न्या रे. घरी धुतात तसे धुवा." त्या चार दिवसांचं वर्ष होत आलं होतं.

मापाडी डगला पिशवीत कोंबून घरी आणी आणि पलंगाखाली सारी. तो आला की त्यांची लेक ठकी धावत जाऊन त्या पिशवीवर बसे, ते तिचं सिंहासन होतं. सकाळी चिमणी मागच्या दारी जाऊन डगला बाहेर काढी आणि पाण्यात घालण्याआधी दोन्ही हातांनी फाडफाड झटकी. तिला आईने तसंच शिकवलं होतं. कपडा झटकल्याशिवाय भिजवला की मळ आत मुरतो. डगल्यातून पांढरी धूळ उडे आणि उन्हात क्षणभर तरंगे. "गिरणीवाल्याशी लग्न केलं असतं तर निदान पीठ तरी घरात आलं असतं," असं ती म्हणे आणि बाही उलटी करून पुन्हा झटकी.

भीती पहिल्यांदा वाटली ती न्हाणीघरात. पोटावर जांभळे पट्टे उठले होते, मांजराने ओरबाडावं तसे. ती ते घासत बसली, पण ते चामडीच्या आत होते. मग ओट्याची कड दंडाला लागायचं निमित्त, तिथे काळंनिळं व्हायचं. एकदा ठकीने रस्ता ओलांडताना मनगट घट्ट धरलं, तर घरी आल्यावर पोरीची पाचही बोटं मनगटावर उमटलेली होती. चेहरा वाटोळा झाला, पण हातपाय काड्यांसारखे होत चालले. खाली बसलं की उठताना भिंतीचा आधार लागे. आरशात बघितलं की तिला वाटे, ही कोण बाई माझ्या घरात शिरली?

झोप तर पार उडाली. डोळे मिटले की छातीत धडधड सुरू होई आणि वाटे, काहीतरी होणार आहे, आत्ता, याच क्षणी. पुढे पुढे त्या भीतीला चेहरे फुटू लागले. सासूबाई रोज सगळ्यांना दुधातून एक भुकटी देत, ताकद यावी म्हणून, स्वतः कुटलेली. चिमणी पेल्याच्या तळाशी बघू लागली. माझ्या पेल्यात जास्त तर नाही घालत? असं मनात आलं की तिला स्वतःचीच लाज वाटे, आणि तरी ती अर्धा पेला मोरीत ओतून देई.

गल्लीतल्या डॉक्टरने रक्तदाब बघितला, भुवया उंचावल्या आणि म्हणाला, "मीठ कमी करा, चालायला जा. या वयात अंग सुटतंच."

"चालवत नाही हो. पाय भरून येतात."

"म्हणूनच चाला."

इतक्यात आईच्या मोतीबिंदूचं ठरलं. आई दुसऱ्या गावी एकटी राहायची. एक डोळा आधी करायचा, दुसरा काही आठवड्यांनी. चिमणी पहिल्या डोळ्याला गेली, ठकीला शाळेमुळे घरीच ठेवून. आईने डोळ्यावरची पट्टी सांभाळत तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एकाच डोळ्याने बघतेय म्हणून असं दिसतंय का गं? काय केलंस तू तोंडाचं?"

पहिले दोन दिवस बरे गेले. मग चिमणीच्या अंगातलं बळ कुणी नळ सोडून काढून घ्यावं तसं निघून गेलं. अन्न समोर आलं की मळमळ. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी आईनेच पट्टी बांधलेल्या अवस्थेत शेजारणीला हाका मारल्या. तिथल्या दवाखान्यात सलाइन लावलं, अन्नातून काहीतरी बाधलं असेल म्हणाले. मापाडी येऊन तिला घेऊन गेला. आणि घरी आल्यावर आठवड्याच्या आत ती उठून कामाला लागली.

"माहेरचं पाणी बाधलं," सासूबाई म्हणाल्या. "जगाच्या पाठीवर पहिलीच सून असेल, जिला सासर मानवतं आणि माहेर बाधतं."

सगळे हसले. चिमणीही हसली. बरी झाल्याच्या खुशीत तिने साठलेले सगळे डगले एका दमात धुऊन काढले.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ठकीच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून तीही बरोबर आली. निघताना सासूबाईंनी पोरीची पिशवी भरता भरता कौतुक केलं होतं, "गेल्या वर्षीचा फ्रॉक अजून बसतोय बघ. नुसती गालाने वाढते, उंचीचं नावच नाही. आजोबांवर गेली." आजीच्या घरी पोचल्यावर ठकी आल्या दिवसापासून कुरकुर करत होती. झोपाळा नको, गोष्ट नको, नुसती मांडीत पडून राहायची. चिमणीचं तर मागचंच सगळं पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी दुप्पट जोराने. आईचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती अंगणात कपडे वाळत घालता घालता तारेखालीच कोसळली.

शुद्ध आली तेव्हा ती आईच्या गावच्या मोठ्या इस्पितळात होती. हातात सुई, वर दोन बाटल्या. एक डॉक्टरीणबाई शेजारी बसून तिच्या पोटावरचे जांभळे पट्टे बोटाने चाचपत होत्या. बाई ठेंगण्या, आवाज कोरडा, पण इतक्या महिन्यांत ते पट्टे नीट बघणारी ती पहिलीच व्यक्ती होती.

"काय घेता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"कशात काय?"

"औषध. कसलंही. दम्याचं, दुखण्याचं, अंग भरावं म्हणून. कुणा वैदूची पुडी?"

"काही नाही."

"लपवू नका. मी रागावणार नाही, पण लपवलंत तर तुमचा जीव जाईल."

जीव जाईल हे शब्द त्यांनी पाणी पिता का असं विचारावं इतक्या साधेपणाने उच्चारले. "सासूबाई एक भुकटी देतात," चिमणी बोलून गेली आणि जीभ चावली.

दुपारपर्यंत मापाडी येऊन पोचला. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला भुकटीचं विचारलं. तो म्हणाला, "ती आम्ही सगळेच घेतो. आईसुद्धा. त्यात सुंठ आणि बडीशेप आहे हो."

"मग ऐका. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांच्यातून रोज एक रस झरतो. तो नसेल तर माणूस उभासुद्धा राहू शकत नाही. तुमच्या बायकोच्या ग्रंथी झोपल्यात. कारण तसलाच माल त्यांना बाहेरून आयता मिळतोय, कित्येक महिने. घरी असताना तो जास्त होतो म्हणून हा चेहरा, हे पट्टे, न येणारी झोप, ही भीतीसुद्धा. इथे आल्या की पुरवठा बंद पडतो आणि आतलं तर आधीच बंद आहे. म्हणून या कोसळतात." त्या थांबल्या. "यांच्या पोटात नाहीतर छातीत स्टेरॉइड जातंय. कुठून, ते तुम्ही दोघांनी मिळून शोधा. मी इंजेक्शनचं बघून येते."

बाई गेल्या. चिमणीने आपला हात धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब उरला नव्हता. तो तिच्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या नखांकडे बघत होता.

"अहो, काय झालं?"

"काही नाही."

"तुम्हाला माहितीय ते काय असतं."

बाहेर एक चाकाची खुर्ची कुरकुरत गेली. चिमणीला कारखान्यातली ती खोली आठवली, तिने कधीही न पाहिलेली, फक्त त्याच्या बोलण्यातून ऐकलेली. दोन दारं, बांधलेल्या पिशव्या. हा माणूस दिवसभर तेच तोलतो. रोज संध्याकाळी मला चहा करून देतो तोही हाच. तिच्या मनात ते पुरतं उमटण्याआधीच तिचा हात त्याच्या हातातून मागे आला. पलंगाच्या कडेला ती सरकली, सुई टोचली तरी सरकली.

मापाड्याने तो मागे घेतलेला हात बघितला. आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो मटकन खुर्चीत बसला.

"अगं, नाही. तसं नाही गं," तो म्हणाला. "डगला. तू डगला झटकतेस."

ती कडेलाच अंग चोरून राहिली.

"मी आत मास्क लावतो. तू लावत नाहीस. माझ्या डोक्यातच नाही आलं. मशीन दुरुस्त होईल, होईल म्हणून... तोंड उघडलं तर घरी बसवतील, असं वाटायचं. पण हे असं होईल हे, तुझी शपथ, मनातसुद्धा आलं नाही." आणि एकदम तो उभा राहिला. "ठकी कुठाय?"

त्या प्रश्नाने दोघांची पाचावर धारण बसली. पिशवी. पलंगाखालची पिशवी आणि तिच्यावर बसणारी पोर. नुसती गालाने वाढणारी पोर.

त्याने चिमणीच्या आईला फोन लावला आणि चिमणीला ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून आई सांगत होती, "तू वेळेवर फोन केलास रे बाबा. पोरीला सकाळपासून ताप आहे. एकदा ओकली आणि आता झोपलीय. मी हाका मारते तर नुसतं हूं करते. झोपू दे म्हटलं, अशक्तपणा असेल."

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं असावं, कारण त्या पुढे होऊन मापाड्याच्या हातातला फोन घेऊन म्हणाल्या, "आजी, तिला उठवत बसू नका. उचलून दारापर्यंत आणा, बाप येतोय." मग त्याच्याकडे वळून, "पळा. ताप आलाय आणि तिच्याही ग्रंथी झोपलेल्या असतील तर शरीराला तापाशी लढायला काहीच नाही. पळा म्हणते ना!"

तो पळाला. जिन्यावरून त्याच्या बुटांचा आवाज खाली खाली जात नाहीसा झाला.

पुढचा वेळ किती होता ते चिमणीला कधी सांगता आलं नाही. तिने उठायचा प्रयत्न केला तर भिंती फिरल्या. नर्सने खांदे दाबून तिला झोपवलं. एका लहान ट्रेमध्ये छोटी सुई, छोटी बाटली मांडलेली तिला दिसत होती. इतकी छोटी सुई बघून तिला हुंदका आला. तिला आठवत होतं फक्त ऊन आणि त्यात तरंगणारी धूळ. किती छान दिसायची! ठकी मागच्या दारात उभी राहून ती मुठीत पकडायला बघायची आणि ती स्वतः म्हणायची, "पकड, पकड, गेली बघ!" ते शब्द तिच्या कानात पुन्हा पुन्हा वाजत होते. तिने कान झाकले, पण ते आतूनच येत होते. ही भीती माझी की त्या पावडरीची, असं बाईंना विचारावं असं तिला वाटलं. मग तिला कळलं, ही माझीच आहे.

जिन्यावर पावलं वाजली. मापाडी दारातून आत आला तेव्हा ठकीचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि एक हात खाली लोंबत होता, कापडी बाहुलीचा लोंबतो तसा. मागून आई आली, नव्या पट्टीवर हात धरून, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"ठके!" चिमणी किंचाळली.

हात हलला नाही.

मग सगळे त्या छोट्या पलंगाभोवती वाकले आणि तिला फक्त पाठी दिसत राहिल्या. डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू येत होता, आकडे, औषधांची नावं, "शीर मिळाली", "सोड हळू". मापाडी भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात अंगापासून दूर धरून, जणू ते हात कुठे लागले तर काहीतरी होईल.

खूप वेळाने, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं तेव्हा, त्या पाठींच्या आडून एक चिडका आवाज आला. "पाणी."

कुणीतरी चमचा धरला.

"चमच्याने नाही. पेल्याने," आवाज म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या. कोरड्या आवाजाची ती बाई हसली तेव्हा मापाडी तिथेच खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून हमसून रडला. चिमणीने त्याला हाक मारली. तो उठून आला. या वेळी हात तिने पुढे केला.

नंतरचं सगळं सरळ झालं असं नाही. तिघांच्या तपासण्या झाल्या. मापाड्याच्या ग्रंथीही पेंगुळलेल्या निघाल्या, पण इतक्या नाहीत. मास्कने त्याला वाचवलं होतं. त्याला त्या खोलीत परत पाठवायचं नाही, असं बाईंनी बजावलं. चिमणीला आणि ठकीला गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्या स्टेरॉइडच्याच होत्या. ऐकून चिमणीने पाकीट लांब ढकललं. बाईंनी समजावलं, "काट्याने काटा काढायचा. एकदम थांबवलं तर पुन्हा कोसळाल. रोज मोजून घ्यायची, मी सांगेन तशी कणाकणाने कमी करायची. ताप आला, पडलात, झडलात तर वाढवायची. आणि विसरायची नाही. विसरणं परवडणार नाही."

कारखान्यात सुपरवायझर म्हणाला, "बाकी कुणाच्या घरून तक्रार नाही. तुझ्याच घरी कसं?" मापाडी आयुष्यात वरच्या माणसापुढे कधी बोलला नव्हता. तेव्हाही तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी दारावर उभा राहून त्याने आत जाणाऱ्या प्रत्येकाला लेकीचं काय झालं ते सांगितलं, आणि त्या पाळीला एकाही माणसाने डगला चढवला नाही. वर्षभर न मिळालेला मशीनचा भाग आठवड्यात मिळाला.

मग घर साफ करायला कारखान्याची माणसं आली, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. गल्ली दारात जमली. त्यांनी गादी, उशा, पलंगाखालचं सगळं जाड पिशव्यांत बांधून नेलं, भिंती आणि फरशी ओल्या फडक्यांनी पुसली. सासूबाई कट्ट्यावर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. भुकटीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती.

"माझ्यावर आळ घेतलास म्हणे," त्या शेवटी म्हणाल्या.

चिमणीने मान खाली घातली. "घेतला. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं."

"मी म्हटलं होतं, माहेरचं पाणी बाधलं. तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?" म्हातारीने नाक ओढलं. "आपलेच दात, आपलेच ओठ. जाऊ दे. गोळी घेतलीस का?"

चेहरा उतरायला वेळ लागला. ठकी दारामागच्या भिंतीवर उंचीची रेघ मारून घ्यायची आणि रेघ हलली नाही की रडायची. मग एकदा ती हलली. चिमणी त्या दिवशी सगळ्या गल्लीला ओरडून सांगत सुटली. पण भीती पूर्ण गेली नाही. पोरीला साधी शिंक आली तरी तिचे हातपाय गार पडत, आणि गोळी घेतली की नाही हे ती एकदा घेतल्यावर पुन्हा दोनदा आठवून बघे.

अशाच एका सकाळी दार वाजलं. मागच्या आळीतली बाई होती, त्याच कारखान्यात पावडर दळणाऱ्याची बायको. ती आत येईना, उंबऱ्यातच उभी राहिली. तिने चेहऱ्यावरून ओढणी घट्ट ओढली होती.

"ताई, एक विचारू? हसू नका," ती म्हणाली आणि ओढणी बाजूला केली. "मी जाड झालेय का हो, की..."

चिमणीने तिचा हात हातात घेतला आणि बाही वर सारली. दंडावर काळंनिळं होतं. आणखी वर बघायची गरज नव्हती.

"सांगा ना," ती बाई म्हणाली.

चिमणीला वाटलं खोटं बोलावं. काही नाही गं, अंग सुटलंय, असं म्हणावं आणि चहा टाकावा.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "पण सांगणारी बाई मला माहितीय, माझ्या आईच्या गावची. घरातली पोरं कुठायत?"

"धाकटा शाळेत आहे."

"त्याला घे वाटेतून," चिमणी म्हणाली, चपला पायात सरकवत. "चल, आत्ताच जाऊ."